ताबा आमचा, शॉट आमचे, गोल त्यांचा: फुटबॉलचे आकडे वाचायचे कसे?

एका कॉलेज संघाच्या प्रशिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “सामन्यात चेंडूचा ताबा ६४ टक्के आमच्याकडे होता. शॉट आमचे १७, त्यांचे ४. तरी ०-१ हरलो. मुलं खचली आहेत. आकडे निकालाशी जुळतच नसतील, तर ते लिहून ठेवण्यात अर्थ आहे का? आणि त्यांच्यावरून डावपेच ठरवता येतात का?”

अर्थ आहे, आणि डावपेचही ठरवता येतात. संघांसाठी सामन्यांचं विश्लेषण करण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि याच कोड्यात अडकलेले प्रशिक्षक सतत भेटतात. सर, तुम्ही दिलेले आकडे खोटे नाहीत, पण अर्धे आहेत. अपूर्णांकाला अंश असतो आणि छेद असतो. टीव्हीच्या पडद्यावर दिसतो तो बहुतेक वेळा नुसता अंश. १७ शॉट, पण मैदानाच्या कुठल्या भागातून? ६४ टक्के ताबा, पण गोलफलक काय असताना? छेद मांडला की त्याच आकड्यांतून बरंच काही कळू लागतं.

त्याआधी निकालाबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल.

फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला सरासरी २.७ च्या आसपास. २०१८ मध्ये १६९ झाले होते, २०१४ मध्ये १७१. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून शेकडो चाली होतात आणि त्यातल्या बऱ्याच गुणांत बदलतात, त्यामुळे चांगला संघ बहुतेक वेळा पुढे निघतो. फुटबॉलमध्ये सगळा हिशेब दोन-तीन घटनांवर ठरतो. तो किती सैल असतो हे पॉयसाँ वितरणाच्या, म्हणजे सरासरी माहीत असताना एखादी घटना किती वेळा घडेल याच्या साध्या गणिताने दाखवता येतं. समजा, एका संघाच्या संधी सरासरी २ गोलांच्या तोडीच्या आहेत आणि समोरच्याच्या १ गोलाच्या. म्हणजे हा संघ दुप्पट चांगला. तरी हिशेब केला तर तो जिंकण्याची शक्यता सुमारे ६१ टक्के येते, बरोबरीची २१ आणि हरण्याची १८. दुप्पट चांगलं खेळूनही साधारण दर पाच-सहा सामन्यांत एकदा हार. १.५ विरुद्ध १ असा फरक असेल, तर जिंकण्याची शक्यता ४९ टक्क्यांवर येते. एका सामन्याच्या निकालावरून डावपेच बरोबर की चूक हे ठरवू नका, असं मी म्हणतो ते या गणितावरून.

याचं जवळचं उदाहरण गोव्यातलं आहे. इंडियन सुपर लीगच्या २०१९-२० च्या हंगामात एफसी गोवा साखळी फेरीत पहिला आला. १८ सामन्यांत ३९ गुण मिळाले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत समोर चौथ्या क्रमांकाचा चेन्नईयिन होता. पहिला सामना गोवा १-४ हरला, फातोर्ड्याच्या घरच्या मैदानावरचा दुसरा ४-२ जिंकला आणि एकूण ५-६ ने बाहेर पडला. १८ सामन्यांचं मोजमाप एक सांगत होतं, दोन सामन्यांचं दुसरं. संघाचा दर्जा जोखायचा तर १८ सामन्यांवर जास्त विश्वास ठेवायला हवा. पण एक बारकावा आहे. चेन्नईयिनचा चौथा क्रमांक दोन वेगवेगळ्या संघांची सरासरी होता. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलून ओवेन कॉयल आले आणि संघाचा खेळ पालटला. गुणतक्त्यात जुने आणि नवे गुण एकाच रकान्यात बसतात, त्यामुळे फेब्रुवारीतला चेन्नईयिन किती धोकादायक आहे हे तक्ता पाहून कळत नव्हतं. इकडे गोव्यानेही साखळी फेरी संपायच्या आत प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना बाजूला केलं होतं. छेदात सामने किती आहेत हे पाहावं, आणि ते एकाच संघाचे आहेत का, हेही.

आता छेद विसरला की काय होतं ते सांगतो. फुटबॉलच्या इतिहासात ही चूक एकदा फार महागात पडली.

१८ मार्च १९५० रोजी इंग्लंडमध्ये स्विंडन टाउनचा सामना पाहताना चार्ल्स रीप नावाच्या गृहस्थांनी उत्तरार्धात वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चाल टिपायला सुरुवात केली. हे रॉयल एअर फोर्समधले हिशेबनीस. पुढे त्यांनी शेकडो सामने असेच टिपले आणि १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला. त्यांचा लक्षात राहिलेला निष्कर्ष असा: सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून होतात. म्हणून मध्ये वेळ घालवू नका, चेंडू लवकरात लवकर पुढे मारा. इंग्लंडच्या प्रशिक्षण व्यवस्थेवर या विचाराची छाप पुढची कित्येक दशकं राहिली.

८० टक्के हा आकडा बरोबर होता. प्रश्न असा विचारायला हवा होता, की एकूण चालींपैकी किती चाली तीन पासच्या आत संपतात? रीप यांच्याच नोंदींत हे प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त होतं. मग हिशेब मांडून बघा. समजण्यापुरत्या १००० चाली धरू. त्यातल्या ९१० छोट्या, म्हणजे तीन पासपर्यंतच्या, आणि ९० लांब, म्हणजे त्याहून जास्त पासच्या. गोल १०, पैकी ८ छोट्या चालींतून, २ लांब चालींतून. छोट्या चालीला ११४ प्रयत्नांत एक गोल, लांब चालीला ४५ प्रयत्नांत एक. त्याच नोंदी, छेद मांडताच सल्ला उलटा. माइक ह्यूज आणि इयान फ्रँक्स यांनी २००५ मध्ये विश्वचषकाच्या सामन्यांवर हाच हिशेब चालींच्या संख्येने भागून मांडला आणि यशस्वी संघांच्या बाबतीत लांब चालींचं पारडं जड निघालं.

इथे थांबून “मग लांब चालीच खेळा” असं म्हणणंही घाईचं होईल. लांब चाल कोण खेळतं? ज्याचे खेळाडू मुळात चांगले असतात तो संघ. म्हणजे गोल पासच्या संख्येमुळे झाला की खेळाडूंच्या कौशल्यामुळे, हे या भागाकारातून सुटत नाही. आणि नॉर्वेचे प्रशिक्षक एगिल ओल्सेन यांनी थेट, चेंडू दूरवर पुढे मारण्याच्या खेळावरच संघ १९९४ आणि १९९८ च्या विश्वचषकांत नेला, १९९८ मध्ये ब्राझीलला २-१ हरवलं. त्यांच्याकडे उंच, ताकदवान, धावणारे खेळाडू होते आणि त्यांना तो खेळ शोभत होता. सर्वांसाठी एकच योग्य शैली आकड्यांतून काढून दाखवतो असं कोणी म्हणालं, तर मी तरी त्याच्याकडे संशयाने बघतो.

तुमच्या ताब्याच्या आकड्याकडे येऊ. ताबा हा संघ कसा खेळला याचं वर्णन आहे. किती चांगला खेळला हे त्यातून कळत नाही. २०२२ च्या विश्वचषकात जपानने स्पेनला २-१ हरवलं तेव्हा जपानकडे ताबा होता फक्त १७.७ टक्के. हा आकडा सांगून लोक थांबतात आणि ‘जपानने बचाव करून सामना चोरला’ असं म्हणतात. सामना पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत कापून बघा, वेगळंच दिसतं. पूर्वार्धात ०-१ मागे पडलेला जपान उत्तरार्ध सुरू होताच स्पेनच्या बचावफळीवर तुटून पडला, चेंडू पुढे जाऊन हिसकावला आणि ४८ व्या व ५१ व्या मिनिटाला गोल केले. आघाडी मिळाल्यावर तोच संघ मागे सरकला. म्हणजे जपान दोन वेगळे खेळ खेळला आणि ९० मिनिटांच्या सरासरीने त्या दोघांचा एकच आकडा बनवला. मोठा निर्णय त्या पाच-सहा मिनिटांत होता, आणि सरासरीत नेमकी तीच मिनिटं दिसेनाशी होतात.

त्याच विश्वचषकात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं तो सामना तर मी नव्या विश्लेषकांना हमखास दाखवतो. शॉट अर्जेंटिनाचे १५, सौदीचे ३. नुसतं हे पाहिलं तर निव्वळ नशीब म्हणाल. पण त्याच सामन्याच्या तक्त्यात एक कोपऱ्यातला आकडा आहे: अर्जेंटिना १० वेळा ऑफसाइड (म्हणजे पास दिला जाताना खेळाडू समोरच्या बचावफळीच्या पलीकडे), त्यातले ७ पूर्वार्धातच, आणि तीन गोल त्यापायी रद्द. प्रशिक्षक हर्वे रेनार यांनी बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत वर आणून ठेवली होती. धोका पत्करून लावलेला सापळा होता तो, आणि तो शॉटच्या रकान्यात दिसत नाही, ऑफसाइडच्या रकान्यात दिसतो. नशीबही होतंच, रद्द झालेल्या गोलांतलं अंतर इतकं थोडं होतं, की तोच सामना पुन्हा खेळला तर अर्जेंटिना पूर्वार्धातच निर्णायक पुढे जाऊ शकला असता. डावपेच आणि नशीब एकाच सामन्यात एकमेकांत मिसळलेले असतात. कुठला आकडा कशाबद्दल बोलतो हे ओळखणं हेच आमचं काम.

गोलफलकाचा परिणाम तर याहून मोठा. ८ जुलै २०१४, बेलो होरिझोंते, विश्वचषकाची उपांत्य फेरी. जर्मनी ७, ब्राझील १. त्या सामन्यात शॉट जास्त कोणाचे? ब्राझीलचे, १८ विरुद्ध १४. ताबाही ब्राझीलचा किंचित जास्त. कारण २९ व्या मिनिटाला फलक ०-५ होता आणि त्यानंतर तासभर जर्मनीला फार काही करायची गरज नव्हती. मागे पडलेला संघ शॉट मारतच राहतो, पुढे असलेला संघ त्याला चेंडू देऊन टाकतो. म्हणून मी सामन्याचा एकच तक्ता कधीच करत नाही. बरोबरी असताना, पुढे असताना, मागे असताना असे तीन तक्ते करतो. बरोबरी असतानाचे आकडे बहुतेक वेळा सर्वांत प्रामाणिक असतात.

आता शॉटचा छेद. सगळ्यांनी ‘एक्सजी’ हे नाव ऐकलंय, म्हणजे एक्सपेक्टेड गोल्स, अपेक्षित गोल. कल्पना सोपी आहे. हजारो जुन्या शॉटच्या नोंदी घ्यायच्या आणि विचारायचं: अशा जागेवरून, अशा कोनातून, पायाने किंवा डोक्याने मारलेल्या शंभर शॉटपैकी किती गोल झाले? पेनल्टीचं मूल्य ०.७५ ते ०.८ च्या दरम्यान येतं. पेनल्टी क्षेत्राच्या, म्हणजे आपण ज्याला डी म्हणतो त्याच्या बाहेरून मारलेला शॉट बहुतेक वेळा ०.०३ च्या घरात. गोलासमोर सहा यार्डांच्या चौकटीत पायाने मारलेला शॉट त्याच्या दहापटीने मौल्यवान. एकाच जागेवरून हेडर हा पायाच्या शॉटपेक्षा कमी मूल्याचा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे क्रॉसवर, म्हणजे कडेने डीत टाकलेल्या चेंडूवर, फार विश्वास.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने घरच्या मैदानावर तळाच्या फुलहॅमविरुद्ध ८१ क्रॉस टाकले. बरोबरी झाली, २-२. शेवटचा गोल फुलहॅमचा, भरपाई वेळेत. उंच बचावपटू डीमध्ये उभे असताना वरून येणारा चेंडू ही त्यांच्यासाठी सोपी कामगिरी असते. एकाच्या जागी ८१ वेळा केली तरी प्रत्येक वेळची शक्यता तेवढीच कमी राहते.

एक्सजीची बेरीजही डोळे मिटून घेऊ नये. ०.१ चे दहा शॉट आणि ०.५ च्या दोन संधी, दोन्हींची बेरीज १. पण दहा छोट्या शॉटमधून एकही गोल न होण्याची शक्यता ३५ टक्के, दोन मोठ्या संधींतून २५ टक्के. बेरीज सारखी असली, तरी एका गोलाची गरज असलेल्या संघाने मोठी संधी तयार होईपर्यंत चेंडू धरून ठेवणं जास्त शहाणपणाचं. आणि एक्सजीमध्ये फक्त मारलेले शॉट येतात. गोलासमोरून कोणाचाही पाय न लागता गेलेला क्रॉस त्यात शून्य धरला जातो, प्रशिक्षकाच्या डोळ्याला तो शून्य नसतो. म्हणून डोळा आणि वही, दोन्ही लागतात.

लांब मुदतीत मात्र हे मोजमाप कामाला येतं. २०१४-१५ मध्ये युर्गेन क्लॉप यांचा बोरुसिया डॉर्टमुंड १९ सामन्यांनंतर जर्मनीच्या बुंडेसलीगात तळाला, १८ वा होता. लोक म्हणत होते, क्लॉप संपले. लिव्हरपूलचे तेव्हाचे संशोधनप्रमुख इयान ग्रॅहम यांनी त्या हंगामातल्या संधींचा हिशेब मांडला आणि त्यांना दिसलं की संघ तक्त्यात दिसतो त्यापेक्षा खूप चांगला खेळत होता, चेंडू तेवढे आत जात नव्हते. डॉर्टमुंडने हंगाम सातव्या स्थानावर संपवला. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप लिव्हरपूलला आले. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये प्रीमियर लीग. ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम यांनी तर क्लबच याच विचारावर उभा केला. गुणतक्त्यापेक्षा संधींच्या हिशेबावर खेळाडू निवडले, कॉर्नर आणि फ्री किकवर खास मेहनत घेतली, आणि २०२१ मध्ये हा क्लब ७४ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत परतला.

डावपेचांच्या बाबतीत आकड्यांचा आणखी एक स्वभाव आहे: समोरचा माणूसही विचार करत असतो. पेनल्टीवर २००७ मध्ये इस्रायलच्या मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. २८६ पेनल्टींपैकी २८.७ टक्के मधोमध मारलेल्या होत्या, पण गोलकीपर जागेवर उभे राहिले फक्त ६.३ टक्के वेळा. मग कीपरने मधेच उभं राहावं का? आजच्या प्रतिस्पर्ध्यासमोर, थोडं जास्त वेळा, हो. पण सगळे कीपर तसं करू लागले की मारणारे कोपऱ्यात मारतील आणि जुना आकडा निकामी होईल. आकडा हा समोरच्याच्या सध्याच्या सवयीबद्दल असतो आणि सवय बदलते. लहान स्पर्धेत याचा फायदा मोठा, कारण तिथे समोरचा संघ तुमचे कॉर्नर टिपून ठेवत नाही. तुम्ही त्याचे टिपू शकता.

तुमच्या संघासाठी काय करायचं ते सांगतो. महागडं सॉफ्टवेअर नको. राखीव खेळाडूंपैकी एकाच्या हाती मैदानाचा नकाशा छापलेला कागद द्या. दोन्ही संघांचा प्रत्येक शॉट जिथून मारला तिथे फुली, शेजारी मिनिट, तेव्हाचा गोलफलक, पाय की डोकं, आणि चेंडू आला कसा: क्रॉस, कॉर्नर, थ्रू पास (बचावपटूंच्या मधून आरपार दिलेला), की समोरच्याची चूक. गोल झाला तर फुलीभोवती वर्तुळ. एवढंच. मोबाइलवर उंचावरून चित्रण झालं तर उत्तम, घरी जाऊन तपासता येतं. दहा सामने झाले की डीच्या मधल्या पट्ट्यातले शॉट वेगळे मोजा, बाजूचे वेगळे, बाहेरचे वेगळे.

युरोपातल्या व्यावसायिक लीगची मूल्यं जशीच्या तशी वापरू नका. टणक, उंचसखल मैदानावर टप्पा वेडावाकडा पडतो, कॉलेजचे कीपर उंचीला कमी असतात, आणि लांबून मारलेले उंच शॉट तिथे ०.०३ पेक्षा जास्त वेळा आत जातात. शालेय स्पर्धांत तर हे उघड दिसतं. तुमच्या स्पर्धेचा छेद तुम्हालाच तयार करावा लागेल, आणि चार-पाच संघांनी मिळून कागद एकत्र केले तर तो एका हंगामात तयार होतो.

राहिला तुमचा हरलेला सामना. गोल कितव्या मिनिटाला खाल्ला ते लिहा. तो विसाव्या मिनिटाला असेल, तर त्यानंतरचा तुमचा ताबा आणि शॉट यांतला मोठा भाग त्यांनी तुम्हाला दिलेला आहे. त्याआधीच्या वीस मिनिटांत काय घडलं ते बघा. शॉट १७ पैकी डीच्या आत, मधल्या पट्ट्यात किती? आठ-नऊ असतील तर मुलांना स्पष्ट सांगा की खेळ बरोबर होता, असाच खेळा, आणि पुढच्या सामन्यासाठी काहीही बदलू नका. दोन-तीनच असतील आणि बाकीचे बाहेरून मारलेले असतील, तर अडचण शेवटच्या पासमध्ये आहे, नेमबाजीत नाही. सरावात शूटिंगचा तास कमी करून डीच्या कडेवर तीन विरुद्ध दोन खेळवा. आणि त्यांच्या चारही शॉटच्या चाली मागे नेऊन बघा: चेंडू आपण कुठे गमावला आणि त्या क्षणी चेंडूच्या मागे आपले किती जण होते. चारपैकी तीन वेळा मागे दोनच असतील, तर दोन्ही साइड बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, एकाच वेळी वर जाणं थांबवा.